दार लावून म्हणायचं गाणं

ये गं बाई, अशी जवळ सरक. उंबऱ्यात काय उभी राहतेस परक्यासारखी? इतक्या दिवसांनी तोंड दाखवलंस, अन् आल्या आल्या म्हणतेस काय, तर "नातीचं अभिनंदन". अगं, अभिनंदन काय पळून चाललंय? आधी पाणी पी, पाय पसर. पेढे वाटायचे दिवस होते तेव्हा तू फिरकली नाहीस, अन् आता माझ्याकडं पेढे नाहीत. जे आहे ते सांगते. तुम्ही साऱ्यांनी अर्धंच ऐकलंय, अन् अर्धं ऐकून टाळ्या वाजवल्यात. राग धरू नकोस, पण हे खरं आहे.

लिहिते बी मी बोलल्यासारखीच. शाळा बाहेरनंच पाहिली. अक्षरं शिकले ती एसटीच्या पाट्या वाचून आणि पुढं लेकाच्या पुस्तकातनं. तेव्हा कुठं वाकडं गेलं तर सांभाळून घे.

नात म्हणजे माझ्या थोरल्या लेकाची पोरगी. लेक सोलापुरात नोकरीला. सूनबाई बी नोकरीला. म्हणून पोरगी शाळेत जाईपर्यंत माझ्याजवळ, इथं मुरुमच्या अलीकडं आमच्या गावात वाढली. मी भाकरी थापायला बसले की ही चुलीम्होरं पाटावर. माझा हात जरा थांबला, कुणाशी बोलायला मान वळली, की ही लगेच म्हणायची, "आज्जी, चुकलीस." भाकरी चुकली नसायची, थापेचा ताल चुकलेला असायचा. मला तेव्हा लई हसू यायचं. गावभर सांगत सुटायची मी, की आमची पोरगी भाकरीचं बी वाजवणं धरते.

पुढं सोलापुरात शेजारच्या बाईंकडं पियानो शिकली. मग पुणे. मग शिष्यवृत्ती मिळवून परदेशात गेली. ती तिकडं काय शिकते हे गावाला समजावून सांगता सांगता माझी पुरेवाट झाली. ऑपेरा म्हणजे तिकडलं नाटक, पण त्यात बोलणं नाही, सगळं गाण्यातच. राजा मरतो तेबी गातच मरतो. स्टेजवर गाणारे, खाली खड्ड्यात वाजवणारे, अन् त्या सगळ्यांच्या मधोमध एकजण उभा, हातात काडी. तो ना गातो, ना वाजवतो. त्यानं हात उचलला की ते उचलणार, त्यानं खाली केला की ते थांबणार. त्याला म्हणतात कंडक्टर. आता आमच्याकडं कंडक्टर म्हटलं की एसटीतला. आमचे एक चुलत दीर तर मला म्हणाले, "वैनी, पोरीला एवढं शिकवून तिकिटंच फाडायला लावली व्हय?" मी म्हटलं, "तिकिटं न्हायती भाऊजी, माणसं हाकते ती, गाण्यातली." तर म्हणाले, "म्हंजी ऊसतोडीचा मुकादम."

हसले सगळे. मी बी हसले. पण मला मनातनं ठाऊक होतं, ती काय करते ते. कारण मी तेच करते.

आमच्या गावात पंचमीला बायका फेर धरतात. वारुळाला दूध-लाह्या वाहून आल्यावर गोल करायचा, अर्ध्या बायका एका अंगाला, अर्ध्या दुसऱ्या अंगाला. एक बाजू गाणं म्हणते, दुसरी उचलून घेते. आणि मधी एक बाई उभी असते. तिनं गायचं नाही, असा आमच्याकडचा रिवाज. तिनं फक्त बघायचं, कुणाचा दम संपत आला, कुणाचा पाय मागं राहिला, आणि हातानं सांगायचं. माझ्या सासूनंतर ते काम माझ्याकडं आलं. बाहेरच्या गावच्या बायका विचारतात, तुमच्याकडं ही मधली मुकी कशाला? पण ती नसली की पन्नास बायकांची पन्नास गाणी होतात.

आता मूळ गोष्टीला येते.

फेराची गाणी साऱ्या गावानं ऐकावीत अशीच असतात. बापई पारावर बसून ऐकतात, पोरं झोक्यावरनं ऐकतात. पण एक गाणं तसं नाही. ते बाहेर म्हणत नाहीत. पंचमीच्या दुपारी, जेवणं झाली, बापई आडवे झाले, की आम्ही बायका माझ्या आतल्या खोलीत जमतो, दार लावतो, अन् हळू आवाजात ते म्हणतो. एकदाच. वर्षातनं एकदा.

त्याचे शब्द मी इथं लिहिणार नाही. मतलब सांगते, तेबी जिला विचारायचं तिला विचारून. लई पिढ्यांमागं आमच्या गावात चिंचेखालच्या घरात एक सून होती. कानडी मुलखातली. पंचमीला तिचा भाऊ न्यायला आला, तर घरच्यांनी पाठवली नाही. भाऊ रिकाम्या गाडीनं परत गेला. दुसऱ्या दिवशी ती विहिरीत सापडली. तिनं उडी घेतली का आणखी काही झालं, ते गाणं सांगत नाही. माहेर लांब, रडायला कुणी आलं नाही, म्हणून गावच्या बायकांनी रडायचं ठरवलं. गाण्यात एक ओळ तिच्या कानडीतली बी आहे. आणि मधी एक जागा आहे, तिथं सगळ्यांनी तोंड मिटायचं, नुसते पाय वाजवायचे. किती वेळ, ते मधल्या बाईच्या हातावर. मी हात खाली सोडेपर्यंत कुणी आवाज काढत नाही. ती विहिरीची जागा.

चिंचेखालचं घर अजून आहे. चिंच बी आहे. चांगलं घर आहे, कष्टाळू माणसं. आणि त्या घरातली थोरली सून, आम्ही तिला अक्का म्हणतो, ती बी कानडी मुलखातली. माझ्याहून थोडी थोरली. ती मला तंगी म्हणते, म्हणजे कानडीत धाकटी बहीण. लग्न होऊन आली तेव्हा मराठी धड येत नव्हतं तिला, अन् पहिल्याच पंचमीला ती फेरात येऊन उभी राहिली. हे गाणं तिला ऐकू द्यावं का, यावर तेव्हाच्या म्हाताऱ्या कुजबुजल्या होत्या. माझ्या सासूनं तिला हाताला धरून आत घेतलं.  पुढल्या वर्षी ती कानडी ओळ तिनंच उचलली. तेव्हापासून ती ओळ तिचीच. त्या घरातली सून त्या घरातल्या सुनेसाठी रडते, अन् संध्याकाळी त्याच घरात जाऊन चूल पेटवते. दार लावलेलं असतं म्हणून तिला हे करता येतं. एवढं ध्यानात ठेव, कारण पुढचं सगळं यावरच आहे.

गेल्या पंचमीला नात आली. कित्येक वर्षांनी आली होती. एवढी मोठी झाली, तरी वारुळाला जाताना माझा पदर धरून चालली. फेरात मधी माझ्या शेजारी उभी राहिली, माझ्या हाताकडं बघत. दुपारी जेवताना म्हणाली, "आज्जी, मला आत घेशील? लहानपणी दाराबाहेर बसून मी फक्त पाय ऐकायचे."

मला काय वाटलं असेल, सांग. माझं पोरगं, माझंच काम साता समुद्रापलीकडं करणारं, मला विचारतंय की आत घे. मी म्हटलं, चल.

पण बायका कुरकुरल्या. एक म्हणाली, हिचा धंदाच गाण्याचा, उद्या कुठं वाजवलं म्हणजे? दुसरी म्हणाली, आजकाल पोरी जेवण बी फोनात घालत्यात. मी सगळ्यांम्होरं माझा शब्द घातला, माझी नात आहे, मी जामीन. तरी अक्काचं समाधान होईना. तिनं दाराबाहेर भाकरीचं टोपलं ठेवलं, सगळ्यांचे फोन त्यात घालायला लावले, नातीचा तर दोनदा बघितला बंद आहे का. मग देवघरातला बेल आणि खंडोबाचा भंडारा आणून नातीच्या तळहातावर ठेवला. आमच्याकडं बेल-भंडारा उचलला की तो शब्द मोडत नाहीत; मोडणाऱ्याच्या घरची भाकरी लोक खात नाहीत.

अक्का म्हणाली, "म्हण, ह्ये गाणं म्या कुठल्याबी यंत्रात घालणार न्हाय."

नात म्हणाली, "हे गाणं मी कुठल्याही यंत्रात घालणार नाही." आणि भंडारा कपाळाला लावला.

आम्ही सगळ्या निवांत झालो. दार लावलं, गाणं म्हटलं. नात भिंतीला टेकून बसली होती, डोळे मिटून. पायांची जागा आली तेव्हा तिनं डोळे उघडले अन् माझ्या हाताकडं बघितलं. झालं. एकदाच म्हटलं. दार उघडलं, टोपल्यातनं ज्यानं त्यानं आपापला फोन उचलला.

ती गेली. हिवाळ्यात लेकाचा फोन आला, की तिकडं तरुण ऑपेरा-कंडक्टरांची मोठी स्पर्धा आहे, जगभरातनं पोरं आलीत, अन् आपली पोरगी शेवटच्या फेरीत पोचली. म्हणाला, शेवटची फेरी इंटरनेटवर दिसणार आहे, दिवेलागणीला. बाई, मी घरोघर कुंकू लावून आले, लग्नाचं लावतात तसं. शाळेतल्या मोठ्या टीव्हीवर गुरुजींनी जोडून दिलं. पारावरचे, वस्तीवरचे, सगळे शाळेत. बापई पुढं सतरंजीवर, आम्ही बायका मागं. अक्का माझ्या शेजारी. तिचा लेक आणि दीर पहिल्याच ओळीत.

आधी तिनं त्यांच्यातल्या एका ऑपेऱ्याचा तुकडा बसवला. काळा कोट, केस मागं बांधलेले. आमच्याकडं तोंड नाही, पाठ. एका म्हातारबानं विचारलं, "लोकांकडं पाठ करून उभी हाय, कुणी तिला शिकीवलं न्हाय का?" दुसरा म्हणाला, "गाणाऱ्यांकडं बघाया लागतं, न्हायतर त्ये झोपत्यात." मी बघत होते. ती वाकायची तेव्हा वाजवणारे वाकायचे. एका गाणारीला दम कमी पडला तर हिनं काडी जराशी मागं घेतली, तिला श्वास घेऊ दिला, अन् पुन्हा सगळ्यांना सोबत घेतलं.  अक्कानं माझा गुडघा दाबला. म्हणाली, "तंगी, तुझा हात हाय गं त्यो."

मग गुरुजींनी सांगितलं की आता शेवटचा भाग. प्रत्येकानं आपल्या मुलखातलं एक गाणं तिथल्या गाणाऱ्यांकडून बसवून घ्यायचं. कोरस म्हणतात त्यांना, पुष्कळ माणसं, बाया अन् बापे बी. नातीनं काडी खाली ठेवली. नुसता हात उचलला.

पहिली ओळ आली अन् मला कळलंच नाही. परक्या तोंडातनं आपलं मराठी कळत नाही. सूर मात्र पोटात ओळखला. मी अक्काकडं बघितलं नाही. मला वाटलं, माझे कान फिरले. दुसरी ओळ बाप्यांनी उचलली. बाई, बाप्यांनी. मोठ्या, खर्जातल्या आवाजात. मग ती जागा आली. सगळ्यांनी तोंड मिटलं, अन् तेवढी सगळी माणसं त्या चकचकीत लाकडी फळ्यांवर पाय वाजवायला लागली. नातीचा हात वर धरलेला होता, तळवा खाली, करंगळी जरा सुटी. मी धरते तसाच. शाळेत नुसते ते पाय ऐकू येत होते.

खोटं कशाला सांगू, त्या एका क्षणाला मला सुख झालं. डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या क्षणी अक्काचा हात माझ्या गुडघ्यावरनं निघून गेला.

तरी वाटलं, निभावेल. शब्द कुणाला कळले नाहीत. पुढं बसलेले बापई माना डोलवत होते, कुठलं तरी तिकडलंच असेल म्हणून. बायका मात्र सगळ्या दगडासारख्या. मी मनातल्या मनात म्हणत होते, संपू दे, टाळ्या वाजू देत, बंद कर गुरुजी तुझा तो डबा.

पण टाळ्या संपल्यावर नात माइकवर आली. इंग्रजीत बोलायला लागली. अन् आमचे गुरुजी, लांब ईट गावचे, इथं नवीनच बदलून आलेले, त्यांना चिंच ठाऊक, चिंचेखालचं घर ठाऊक नाही. ते उठून उभे राहिले आणि छाती फुगवून एकेक वाक्य मराठीत सांगायला लागले. पोरीचा अभिमान होता त्यांना, दुसरं काही नाही.

"ती सांगतीय, हे आमच्या गावच्या बायकांचं गाणं आहे. एका सुनेला सणाला माहेरी पाठवलं नाही, तिचा विहिरीत जीव गेला."

मग म्हणाले, "ती म्हणतीय, ते घर आजही आहे, चिंचेच्या झाडाखाली. त्या घरची माणसं आजही तिथं राहतात."

मग म्हणाले, "आजपर्यंत त्या बाईसाठी कुणी तोंड उघडलं नव्हतं. आज पहिल्यांदा आपण उघडलं."

तेवढ्यात पुढच्या ओळीतला अक्काचा लेक वळला. गुरुजींकडं नाही, मागं बायकांकडं. त्यानं आईकडं बघितलं. अक्का पदर सावरून उठली, कुणाच्या पायावर पाय न देता, सांभाळून, दारापर्यंत गेली आणि चप्पल घालून निघाली. तिचा दीर बी उठला. कुणी आरडाओरडा केला नाही. आरडाओरडा झाला असता तर बरं झालं असतं.

नातीचा दुसरा नंबर आला. दुसऱ्या दिवशी फाट्यावर फलक लागला, तिचा मोठा फोटो, खाली अभिनंदन करणाऱ्यांच्या फोटोंची रांग. मला शाल, नारळ. मी खुर्चीवर बसले होते अन् समोरच्या गर्दीत चिंचेखालच्या घरचं एक बी माणूस नव्हतं. आमच्या फेरातल्या बायका बी मागंच. एकजण टोमणा मारून गेली, "फोन टोपल्यात ठिवला, अन् पोरगी आत घेतली. शानीच आमी."

खरंच की गं. आम्ही भ्यालो कशाला, तर डब्याला. त्या एवढ्याशा फोनाला टोपल्यात घालून आम्ही समजलो, दार पक्कं झालं. ज्या पोरीनं चुलीपाशी बसून भाकरीचा ताल धरला, तिच्या कानाला कुणी टोपलं घातलं नाही. आमच्यासाठी गाणं बाहेर जातं ते यंत्रातनं. माणसाच्या तोंडातनं गेलं तर ते आपल्यातच राहतं, असंच आम्ही समजत आलो. अक्कानं म्हाताऱ्यांच्या तोंडातनं घेतलं, मी सासूच्या तोंडातनं घेतलं. ते तोंड आपल्यातलं राहणार नाही, असं कुणाच्या मनात बी आलं नाही.

मी अक्काकडं दशम्या पाठवल्या. ती दशम्या कधी नाकारत नाही. डबा परत आला तो घासूनपुसून, रिकामा. तुला ठाऊक आहे ना, आपल्याकडं भांडं रिकामं परत करत नाहीत? काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात, कढीपत्त्याची काडी ठेवतात. इतक्या वर्षांत आमच्या दोघींमधनं एक वाटी रिकामी गेली नव्हती. मी तो डबा उघडला, परत झाकण लावलं, अन् बराच वेळ मांडीवर घेऊन बसले.

नातीला फोन केला. आधी तिचा आनंदच आवरेना. आज्जी, बघितलंस का, पायांच्या जागेला लोक रडत होते, परीक्षक उभे राहिले. मी म्हटलं, "भंडारा उचलला व्हतास तू."

 मग म्हणाली, "आज्जी, मी शब्द पाळला. यंत्रात नाही घातलं. एक ओळ रेकॉर्ड केली नव्हती. सगळं डोक्यातनं शिकवलं त्यांना."

"अन् टीव्हीत दिसलं त्ये?"

"ते त्यांनी दाखवलं. मी नाही घातलं."

बाई, चुकले म्हणाली असती तर मी विसरले असते. गाणं आवडलं, आवरलं नाही, म्हणाली असती तरी समजलं असतं. पण तिनं वकिलासारखा शब्द मोजून दाखवला. म्हणजे भंडारा उचलतानाच तिला ठाऊक होतं, का पुढं सोयीनं आठवलं, ते देव जाणे. मी विचारलं नाही. विचारायचं भय वाटलं.

मग तिनं बी सुनावलं मला. म्हणाली, "एक बाई मेली, आज्जी. आणि तुम्ही दार लावून, हळू आवाजात गाता. लाज तुम्हाला नाही, त्या घराला वाटायला पाहिजे. मी फक्त दार उघडलं."

तिचं अगदीच खोटं नाही. मी बी रात्रंदिवस त्यावर विचार केलाय. पण तिला मी एकच म्हटलं, "तू म्हणालीस आजवर कुणी तोंड उघडलं न्हाय. त्या घरची सून माझ्या शेजारी उभी ऱ्हाऊन दर साल रडली, ती कोण व्हती मग?"

त्यावर तिला तालमीला जायचं होतं. फोन ठेवला.

उन्हाळ्यात एकदा बाजाराच्या दिवशी मी मुरुमला निघाले. वडापची जीप भरत आली होती, मी आत सरकले, अन् शेवटची जागा माझ्याच शेजारी उरलेली. अक्का चढली. तिनं जागा बघितली, मला बघितलं, उतरायला पाय मागं घेतला. तर ड्रायव्हर म्हणाला, "बसा की मावशी, दुसरी गाडी न्हाय आता." बसली. मांडीला मांडी लागली आमची. सारी वाट ती खिडकीबाहेर बघत होती आणि मी तिच्या हातातल्या पिशवीकडं. मला वाटलं, आपण काही बोललो तर ती उतरून चालायला लागेल.

मुरुमला उतरल्यावर ती म्हणाली, "तंगी, थांब."

आम्ही बाजाराच्या कडेला कडुनिंबाखाली उभ्या राहिलो. तिनं हळूहळू सांगितलं. दीर काही बोलला नाही. पण लेकानं त्याच दिवशी विचारलं, इतकी वर्षं आमच्याच घराला शिव्या देत गात होतीस व्हय? ती म्हणाली, शिव्या नव्हत्या रं. त्यानं ऐकलं नाही. तेव्हापासून लेक तिच्याशी बोलत नाही. ताट तिच्या हातचं घेतो, जेवतो, हात धुतो, उठतो. काही हवं असलं तर सुनेला सांगतो, ‘तिला’ विचार म्हणून. एकुलता लेक. नवऱ्यामागं तिनं एकटीनं वाढवलेला.

मी म्हटलं, मी येते, मी सांगते त्याला.

"बेड," ती म्हणाली. नको. "तुझं त्यो ऐकणार न्हाय. तू बी त्याच खोलीतली." मग म्हणाली, "त्या पोरीला आन. जिनं फोडलं तिनं यावं. माझ्या घरात, चिंचंखाली, माझ्या लेकाम्होरं बसावं, माझी भाकर खावी, अन् मराठीत सांगावं, त्या बाईसाठी समद्यात आधी कोण रडलं त्ये. जगाला इंग्रजीत सांगितलंस, म्हणावं, आता माझ्या पोराला सांग."

मी विचारलं, "अक्का, तुझा राग न्हाय तिच्यावर?"

"हाय की," ती म्हणाली. "पण मला लेक पायजे."

एवढं बोलून ती भाजीच्या ओळीत गेली. परत येताना आम्ही वेगवेगळ्या गाडीनं आलो. हे लिहावं का, हे बी मी तिला निरोपानं विचारलं. तिचा उलटा निरोप आला, लिही, सगळ्यांनी ऐकलंच आहे, नुसतं गाणं लिहू नकोस.

नातीला मी हे सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. रडली बी असावी, आवाज तसा होता. म्हणाली, येते आज्जी. मग म्हणाली, आत्ता एक काम मिळालंय, त्या स्पर्धेमुळंच, एका थिएटरात. ते संपलं की येते. ते संपलं, तर दुसरं लागलं. परवा म्हणाली, यंदा नाही जमणार बहुतेक, फोनवर व्हिडिओत बोलते मी त्यांच्याशी. मी म्हटलं, त्या घरच्यांनी तुझा चेहरा एकदा काचेतनं बघितलाय, आणखी नको.

आता पंचमी तोंडावर आली आहे. बांगडीवाला येऊन गेला, पोरींनी झोक्याला दोर शोधलेत. फेरातल्या बायकांनी मला विचारलं, दुपारचं काय करायचं? मी सांगितलं, अक्का नसेल तर ती कानडी ओळ कुणी म्हणायची नाही, अन् ती ओळ नसेल तर गाणंच नाही. कुणी वाद घातला नाही. इतक्या पिढ्यांत पहिल्यांदा त्या दुपारी ती खोली मोकळी राहणार, अन् ते माझ्या नातीमुळं, मी जामीन राहिलेल्या माझ्या पोरीमुळं. बाई, परक्यानं फसवलं तर माणूस शिव्या देऊन मोकळा होतो. घरच्यानं फसवलं तर शिवी बी तोंडातनं निघत नाही, आतच फिरत राहते.

आणि तू, पोरी, तू हे वाचशील, तुझा बाप तुला पाठवेल. मला तुझा पुरस्कार नको, तिकडली तिकिटं नकोत. अक्काचा लेक रोज तिच्या हातचं जेवून न बोलता उठतो, अन् ते थांबवायला तुझ्याशिवाय दुसरं कुणी नाही. तुझं थिएटर चार दिवस दुसऱ्या कुणाच्या हाताखाली चालेल. सोलापूरला उतर, मुरुमची एसटी धर, फाट्यावर मी उभी असेन. माझ्या घरी नंतर, आधी चिंचेखाली जाऊ, मी येईन बरोबर. पंचमीच्या आधी ये. लवकर ये गं.